जवळचा नंबर

मासेरूहून पहाटे चारला निघालो.
ट्रकच्या हौद्यात सात जण, दोन टेबलं,
आणि माझ्या मांडीवर बुटांचं खोकं:
दोनशे तेरा चष्मे,
कुणीकुणी देऊन टाकलेले.
काही मेलेल्यांचे असणार, पण तसं कुणी लिहून पाठवत नाही.
पाकिटांवर पेन्सिलीनं फक्त नंबर.

हा-सेकोटोला पोचेस्तोवर घाटात दोनदा उतरून ढकललं.
शाळेच्या भिंतीला ऊन लागलं होतं
आणि त्या उन्हात, घोंगड्या पांघरून,
माणसं कधीची रांगेत.
एकाच्याही तोंडून ‘उशीर’ हा शब्द नाही.
मीच तो मनात म्हटला.

माझं काम सोपं.
डॉक्टर आकडा सांगणार, मी तो चष्मा शोधायचा,
साबणाच्या पाण्यात बुचकळायचा, पुसायचा, द्यायचा.
एकाच्या काडीला नेलपॉलिशचा ठिपका.
एकाच्या बिजागरीत अडकलेला पांढरा केस.
तो काढून कुठे टाकावा, कळेना;
खिशात ठेवला.

न्ताते लेफेऊ घोड्यावरून आले.
समोरच्या डोंगराकडे बघून म्हणाले,
ती तिसरी मेंढी लंगडतेय. माझी नाही, मेहुण्याची.
आम्हाला तिथे मेंढ्याच दिसेनात,
नुसते दगड.
आणि मांडीवरच्या नातवाच्या टाचेतला काटा
चार दिवस सापडत नव्हता त्यांना.
दोनचा चष्मा लावला, तिथेच फतकल मारली,
सुई मागितली.
पोरगं एकदाच ओरडलं.
मग तो काटा तळहातावर घेऊन
ते रांगभर दाखवत फिरले,
घोड्यालासुद्धा.

म्मे मालिसेमांना अडीचचा लागला. लाल काड्यांचा.
त्यांनी आधी स्वतःचे हात पाहिले,
उलटे, सुलटे.
“हे तर माझ्या आईचे,” म्हणाल्या,
हसल्या, आणि गेल्या.
मी वहीत बरोबरची खूण केली.

ऊन भिंतीवरून उतरलं तेव्हा त्या परत आल्या,
चष्मा रुमालात बांधून.
खुपतो का? नाही.
नंबर चुकला? नाही, लख्ख दिसतं.
मग फोन काढला, छोटा, बटणांचा.
मुलगा रुस्टेनबर्गला, खाणीत.
महिन्याला त्याचा निरोप येतो,
शेजारची मोथेपू वाचून दाखवते:
आई, तीनशे पाठवलेत. गुडघा कसा आहे?
थंडी वाढली असेल, घोंगडी नीट गुंडाळून घे.
इथल्या पापाला तुझ्या हातची चव नाही.

आज त्यांनी स्वतः वाचला.
मागचा वाचला, त्याच्या मागचा,
अकरा महिने.
‘तीनशे जमा.’
पुढे टिंब.

“दहा वर्षांची पोर,” त्या म्हणाल्या,
“गुडघ्याचं तिला कुणी सांगितलं?”

मी गप्प. भाषा माझीच होती,
तरी सापडेना.
चष्मा परत घ्यावा, तर वहीत तसा रकाना नाही:
नाव, गाव, नंबर, सही.
म्हटलं, राहू द्या. घेवडा निवडायला होईल.
निरोप आला की काढून ठेवत जा.

त्या बराच वेळ काडी उघडत-मिटत बसल्या.
“नको,” म्हणाल्या, “तेव्हाच लावीन.
वाचताना तिचं तोंड कसं होतं
ते मी जवळून कधी बघितलंच नाही.”

आणि चष्मा डोळ्यांवर चढवून,
पायाखालचा एकेक खडा नवा असल्यासारख्या
सावकाश उतरत गेल्या.

खोक्यात एकोणसत्तर उरले.
घाटात या वेळी एकदाच ढकलावं लागलं.
अंधारात मी खिसा चाचपला.
केस नव्हता.